दस्ती टाकलेली जागा

वकीलसाहेब कुठंही गेले की बसायच्या आधी दस्ती टाकायचे. आमच्याकडं रुमालाला दस्ती म्हणतात. त्यांची दस्ती चांगली हातभर लांब, निळ्या चौकड्यांची, बाराही महिने डाव्या खांद्यावर. ती ओढायची, एकदा झटकायची, शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर टाकायची आणि मग आपण दुसऱ्या खुर्चीवर ऐसपैस बसायचं, असा त्यांचा शिरस्ता. लग्नात, शोकसभेत, कोर्टाच्या बाररूममध्ये, एवढंच काय, न्हाव्याच्या दुकानातसुद्धा. न्हाव्याकडं मुळात खुर्च्याच दोन होत्या, त्यामुळं तिथं त्यांचं फारसं स्वागत होत नसे.

नवीन माणूस हमखास विचारायचा, “कोणी येणार हाय का साहेब?”

“येणार हाय की.”

“कवा?”

“ते कसं सांगू? अजून जन्मला न्हाई.”

विचारणारा एक तर हसायचा, नाही तर आपली खुर्ची जरा लांब सरकवायचा.

तुम्ही मराठवाड्यात एस.टी.नं प्रवास केला असेल तर वेगळं सांगायला नको. गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडक्यांतून दस्त्या, टोप्या, पिशव्या, प्रसंगी एखादी चप्पलही आत पडते. ज्याची दस्ती त्याची जागा. मालक अजून रसवंतीवर उसाचा रस पीत उभा असतो, पण गाडीतला दांडगट पैलवानही त्या जागेवर बसत नाही. उभा राहील, शिव्या देईल, बसणार नाही. आमच्या भागात कायदे पुष्कळ आहेत, पण मनापासून पाळला जाणारा हा एकच. वकीलसाहेबांचं म्हणणं असं की देशाचा पर्यावरणाचा सगळा कायदा या दस्तीवर उभा आहे. सुप्रीम कोर्टाला तेच इंग्रजीत सांगायला फार पानं लागली, एवढंच.

मी मूळचा मुदखेडचा. तिथं गाडी बदलायला उतरणारे खूप, राहणारे कमी. मीही राहिलो नाही. बी.एस्सी. झालो आणि लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला लागलो. भूकंपाला तेव्हा काही वर्षं झाली होती. पत्र्याच्या शेडमधल्या गोष्टी लोक अजून सांगायचे, पण गावाचं लक्ष दुसरीकडं लागलं होतं. गल्लीगल्लीत क्लास निघत होते, निकालाच्या दिवशी चौकाचौकात पोरांचे फोटो झळकत होते, आणि ज्याच्या घरात एक खोली जादा होती तो बघता बघता वसतिगृहाचा मालक होत होता. आमचा क्लास पहिल्या मजल्यावर, खाली वकीलसाहेबांचं ऑफिस, आणि इमारतीच्या मागं एक जुनी दगडी बारव, म्हणजे पायऱ्या उतरून खाली जायची विहीर. तिच्यात पाणी होतं असं म्हणायचे. वरून दिसायचा तो कचरा.

“मास्तर, वर काय शिकवायलाव?” हा त्यांचा मला पहिला प्रश्न. गावात क्लासवाल्या सगळ्यांना ‘सर’ म्हणतात. शिपायालाही म्हणतात. हे एकटे मला मास्तर म्हणायचे, आणि सुरुवातीला ते मला झोंबायचं.

मी म्हणालो, “पर्यावरणाचा धडा. शाश्वत विकास.”

त्यांनी डोळे मोठे केले. “अरे वा! मंग पोरांला काय सांगितलं?”

“पुढच्या पिढ्यांच्या गरजा शाबूत ठेवून आजच्या पिढीच्या गरजा भागवणारा विकास. प्रश्न आलाच तर पर्याय क. पण एकाच मार्काचा आहे. वेळ कमी पडला तर ऑप्शनला टाकायचा.”

“पुढची पिढी ऑप्शनला टाकली म्हणा की,” ते म्हणाले आणि खो खो हसत सुटले. त्यांचं हसणं वरच्या वर्गापर्यंत ऐकू जायचं. माझ्या पोरांना वाटायचं खाली कुणीतरी खटला जिंकला. तसं फारसं होत नसे.

कारण वकीलसाहेबांकडं निकाल एकच होता. तामिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांनी नदी नासवली म्हणून सुप्रीम कोर्टानं दिलेला. शाश्वत विकास हे आपल्या कायद्याचंच तत्त्व आहे, असं त्यात कोर्टानं म्हटलेलं. ‘चामड्याचा निकाल’ म्हणून त्याची झेरॉक्स कायम त्यांच्या बगलेत. कुणी अर्थ विचारला की ते घरच्या भाषेत सांगायचे. “आग लागल्यावर विहीर खणू नये, ह्याला प्रिकॉशनरी प्रिन्सिपल म्हणतेत. सांडलं त्येनंच पुसायचं, ह्याला पोल्यूटर पेज म्हणतेत. आपली म्हातारी हेच सांगून मेली, तिला कुणी जज्ज केलं न्हाई.”

हा निकाल ते कुठंही लावायचे. भाडेकरूच्या खटल्यात लावायचे. बांधावरच्या लिंबाच्या खटल्यात लावायचे, तिथं निदान झाड तरी होतं. एकदा शेजाऱ्याच्या कोंबड्यांनी अंगण उकरलं म्हणून एक बाई आली, तर तिथंही त्यांनी चामड्याचा निकाल उघडला. न्यायाधीश म्हणाले, “वकीलसाहेब, हा कोंबड्यांचा खटला आहे.” हे म्हणाले, “साहेब, अंगण तर पुढच्या पिढीचंच आहे ना?” बाई खटला हरली. कोंबड्या तिनंच पुढं विकत घेतल्या, तेव्हा उकरण्याचा प्रश्नही मिटला.

आपली एक खोड आहे. माणूस जरा तऱ्हेवाईक वागला की आपण त्याच्या मागं दुःख शोधायला लागतो. गल्लीतही एक कथा फिरायची की साहेबांचं भूकंपात कुणीतरी गेलं, पोटातलं बाळ गेलं, म्हणून हे न जन्मलेल्यासाठी खुर्ची धरतात. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझ्याही आलं होतं. एकदा चहा पिताना मी आवाज खाली आणून विचारलं, तर त्यांनी बशी टेबलावर आपटली.

“कोण सांगायलंय हे? आमचं कायबी गेलं न्हाई मास्तर. गावात बड्यांची दगडी माळवदं व्हती, ती बसली. आमची वस्ती गावाच्या कडंला, कुडाची आन् पत्र्याची. पत्रा पडला तर उचलून परत ठेवता येतोय. एक म्हैस तेवढी दावं तोडून पळाली. तीबी आली परत.” मग त्यांनी बशी सरळ केली. “ज्येंनी पिढ्यान् पिढ्या आमाला उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाई, त्येंना आमी दगडाखालून काढलं. ह्याच्यावर रडावं का काय करावं, मला अजून उमगलं न्हाई. पण पोटातलं बाळ-बीळ काय न्हाई. माणसाचं कुणी मेलं तरच त्येनं पुढचा इचार करावा का?”

मला लाज वाटली आणि हसूही आलं.

त्यांचं गाव औशापलीकडं, भूकंपाच्या पट्ट्यातलं. गावाच्या मधोमध बारव होती. त्यांच्या आज्यानं एकदा उन्हाच्या तिरपिटीत तिच्या पाण्याला हात लावला म्हणून मार खाल्ला होता. भूकंपानंतर अख्खं गाव उठून माळावर गेलं. नवीन घरं, रुंद रस्ते, सगळी दारं सारखी, म्हातारी माणसं संध्याकाळी दुसऱ्याच्याच घरात शिरायची. जुन्या गावात बारव तेवढी राहिली, भरलेली. “गाव उठलं त्या दिवशी मी गेलो आन् लोटा भरभरून पाणी पिलो,” ते सांगायचे. “अडवायला कुणीच न्हवतं मास्तर. कुणीच न्हवतं. ज्या पाण्यापायी आज्यानं मार खाल्ला ते गोड तरी असंल म्हणलं, तर तेबी मचूळ निघालं.”

नवीन गावाचा नकाशा दाखवायला इंजिनिअर आले होते, तेव्हा ह्यांनी सभेत विचारलं होतं, “हे घर माझं. पोराचं लगीन झालं की त्यो कुठं ऱ्हाईल? त्येचं पोर कुठलं पाणी पिईल?” इंजिनिअर म्हणाले, “ते आमच्या योजनेत नाही.” वकीलसाहेबांच्या मते तिथूनच त्यांच्या डोक्यात किडा शिरला. सगळ्यांची नावं यादीत आहेत, ज्यांच्यासाठी घरं बांधायची त्यांचंच नाव नाही. तिथून परत येताना एस.टी.त कुणीतरी खिडकीतून दस्ती टाकली. साहेब जन्मभर त्या गाड्यांनी फिरलेले, पण म्हणाले, “त्या दिवशी पयल्यांदा दस्ती दिसली.”

आता आमच्या क्लासच्या संचालकांबद्दल सांगतो. ते वाईट गृहस्थ नव्हते, नाही तर ही गोष्ट फार सोपी झाली असती. पदार्थविज्ञान उत्तम शिकवायचे. स्वतः गरिबीतून आलेले, शिकताना नातेवाइकांच्या गच्चीवर झोपलेले. हिमायतनगर, किनवट, देगलूर कुठून कुठून मुली यायच्या आणि खोली मिळाली नाही की बापाबरोबर रडत परत जायच्या. ते त्यांना बघवत नसे. मुलींसाठी मोठं वसतिगृह बांधायचं, आणि ते क्लासमागच्या बारवेच्या जागेवर, असं त्यांनी मनावर घेतलं. तो कचऱ्याचा खड्डा बुजवला तर कुणाचं काय जाणार होतं? गावाच्या विकास आराखड्यात ती जागा मोकळी दाखवली होती. तिचा वापर बदलावा म्हणून त्यांनी अर्ज केला, आणि हरकतींवर सुनावणी लागली.

सुनावणीला वकीलसाहेब सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. पहिल्या रांगेतल्या मधल्या, गादीच्या खुर्चीवर त्यांनी दस्ती टाकली. सुनावणी घेणारे अधिकारी उशिरा आले. सभागृह गच्च भरलेलं, रिकामी खुर्ची ती एकच. अधिकारी अर्धापूरकडचे, केळीच्या बागायतदाराचे चिरंजीव, रोज एस.टी.नं नांदेडला जाऊन शिकलेले. ते खुर्चीजवळ आले, दस्ती पाहिली, आणि शिपायाला म्हणाले, “दुसरी आणा.”

वकीलसाहेब तिथंच उभे राहिले. “साहेब, सुनावणी संपली.”

“म्हणजे?”

“ही दस्ती कुणाची तुमाला ठाऊक न्हाई. तो कवा येणार ठाऊक न्हाई. तुमचा हुद्दा मोठा, खुर्ची तुमच्या नावाची. तरी तुमी बसला न्हाईत. आमचं एवढंच मागणं हाय. हाच कायदा बारवेला लावा.”

लोक टाळ्या पिटायला लागले. अधिकारी स्वतः हसले. पण हसणं इतिवृत्तात येत नाही. ‘हरकतीची नोंद घेतली’ एवढं आलं. फाईल वर गेली आणि खाली येताना परवानगी घेऊन आली.

मग वकीलसाहेब कोर्टात गेले. आणि तिथं जी गंमत झाली ती कोर्टाच्या बाररूममध्ये अजून सांगतात. यांनी चामड्याचा निकाल उघडून पान वाचलं की पर्यावरण जपलं पाहिजे. संचालकांच्या वकिलांनी त्याच निकालाची झेरॉक्स काढली आणि वाचलं की विकासही थांबता कामा नये. हे ‘शाश्वत’वर बोट ठेवून ओरडायचे, ते ‘विकास’वर. न्यायाधीश बाई होत्या. त्या म्हणाल्या, “तुम्ही दोघं एकाच निकालावर भांडताय. तो एक तरी नीट वाचून या. तोवर जैसे थे.”

जैसे थे! बारव बुजवायची नाही आणि इमारत बांधायची नाही. बाहेर आल्यावर वकीलसाहेबांचा चेहरा असा उजळला होता की मला वाटलं यांना जावई मिळाला.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते दुसरा वकील करणार नाही. बाकीचे निकालासाठी झगडतात, हे तारखेसाठी झगडायला लागले. “मास्तर, निकाल लागला की कुणीतरी हरतंय. तारीख लागली की बारव वाचती.” प्रत्येक वेळी नवं निमित्त. एकदा तर त्यांनी लेखी अर्ज दिला की माझे खरे अशील काही अपरिहार्य कारणानं आज हजर राहू शकत नाहीत. बाईंनी विचारलं, “कोण अशील? कारण काय?” हे नम्रपणे म्हणाले, “त्यांच्या आईबापाचं अजून लग्न व्हायचं आहे.” बाईंनी कपाळाला हात लावला, पण तारीख दिली. या देशात जंगलं, डोंगर, नद्या काय काय कशानं वाचलं ते मला सांगता येणार नाही. आमची बारव तारखांनी वाचली.

मधल्या काळात हरित न्यायाधिकरणाचा कायदा आला. निकाल देताना शाश्वत विकासाचं तत्त्व लावलंच पाहिजे, असं त्यात कलमच घातलेलं. त्या दिवशी साहेबांनी गल्लीत पेढे वाटले. “बगा, दस्ती आता पुस्तकात आली.” पेढा घेणाऱ्या निम्म्या लोकांना वाटलं साहेबांच्या मुलीला नोकरी लागली. त्यांनी अभिनंदनही केलं, आणि साहेबांनी ते घेतलंही.

कोर्टाच्या आवारात मी त्यांना एकदाच चिडताना पाहिलं, म्हणजे चिडायच्या अगदी काठावर. कँटीनमध्ये संचालकांचे वकील चारचौघांत म्हणाले, “तुमचं काय बुवा, तुम्हाला सगळीकडं राखीव जागा लागते. जन्मलेल्याला झाली, आता न जन्मलेल्याला पण.” सगळे चहाच्या कपात बघायला लागले. साहेबांच्या ऑफिसात भिंतीवर एकच फोटो होता, घटना लिहिणाऱ्यांचा, आणि सगळ्या गावाला साहेब कोण, कुठले, हे ठाऊक होतं.

वकीलसाहेबांनी दस्तीनं तोंड पुसलं. मग म्हणाले, “खरं हाय तुमचं. माझा आज्या पाण्याला गेला तवा त्येची जागा कुणी धरली न्हवती. मंग एकानं धरली. आमी जन्मायच्या आधीच दस्ती टाकून ठिवली, चांगली जाडजूड, कलमंबिलमं घालून. म्हून मी आज तुमच्या शेजारी बसून चहा पितोय. आता मला सांगा, मी कुणासाठीच न्हाई टाकायची? बेइमानी न्हाई का होणार?” आणि त्या वकिलाच्या बशीतलं बिस्कीट उचलून त्यांनी खाल्लं. मला आजही वाटतं, घटनेवरचं याहून चांगलं भाषण मी ऐकलं नाही, आणि ते बिस्किटासकट होतं.

संचालकांनी शेवटी वसतिगृह रस्त्यापलीकडं बांधलं. ते भरलं. त्याच्या शेजारी दुसऱ्यांनी बांधलं, तेही भरलं. प्रत्येकानं बोअर घेतला, पहिल्यापेक्षा खोल. जमिनीखालचं पाणी म्हणजे बिनमालकाची गाडी, ज्याला दार सापडलं तो आत. दस्ती कुणीच टाकली नाही.

मग तो उन्हाळा आला, लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो. बोअर एकेक करून खोकायला लागले आणि मग गप्प झाले. टँकर आला की गल्लीत मारामाऱ्या व्हायच्या. साहेब तोवर म्हातारे झाले होते, कमरेत वाकलेले. ते रोज सकाळी बारवेत उतरून एकटेच कचरा वर आणायला लागले. लाजेखातर आम्ही दोघंतिघं गेलो. मग गल्लीतल्या बाया आल्या, आणि बाया आल्यावर काम खरं सुरू झालं. गाळ निघाला, प्लॅस्टिक निघालं, क्लासच्या जुन्या नोट्स निघाल्या, त्यांत माझा पर्यावरणाचा धडाही होता. शेवटी तळाशी ओल दिसली. दुसऱ्या सकाळी पाणी होतं.

वकीलसाहेबांनी खांद्यावरची दस्ती काढली, झटकली, पाण्याजवळच्या एका पायरीवर पसरली आणि वर दगड ठेवला. म्हणाले, “दस्तीपस्तोर पाणी उतरलं की घागरी वर. झिरपून वर आलं की परत खाली. मोटार लावायची न्हाई.” कुणी विचारलंही नाही का म्हणून. दस्ती टाकलेली. आमचीच माणसं ती, टँकरखाली एकमेकांची डोकी फोडणारी, पण त्या पायरीखाली कुणी पोहरा नेला नाही.

आठवडाभरानं संचालक आले. बरोबर मोटार, पाइपांची भेंडोळी, दोन माणसं. दाढी वाढलेली. वसतिगृहाच्या टाक्या कोरड्या पडल्या होत्या आणि परीक्षा तोंडावर होती. वकीलसाहेब दस्तीच्या वरच्या पायरीवर बसले होते.

“उठा साहेब,” संचालक म्हणाले.

“मोटार लावली तर एका दिवसात तळ लागंल. मंग काय करताव?”

“मग काय ते मग. माझ्या पोरी दोन घोट पाण्यावर अभ्यास करायलेत.” संचालकांचा आवाज फाटला. “साहेब, तुमचा खटला मी इतकी वर्षं सोसला. आता एकच सांगा. ज्या जन्मल्या त्यांचं बघायचं नाही, आणि जे जन्मले नाहीत त्यांच्यासाठी पाणी राखायचं? हा कुठला न्याय?”

मी साहेबांकडं पाहिलं. ते कुणालाही गप्प करायचे, गरज नसली तरी करायचे. त्या दिवशी त्यांनी खालच्या पाण्याकडं पाहिलं. पाणी दस्तीला टेकलं होतं.

मग ते गुडघ्यावर हात देऊन उठले. दगड बाजूला केला. दस्ती उचलली, पिळली, एक पायरी खाली उतरले आणि तिथं पसरली. दगड मीच ठेवला.

“एवढं तुमच्या पोरींचं,” ते म्हणाले. “ह्येच्या खाली न्हाई. आन् मोटार न्हाई. घागरीनं न्या.”

संचालकांनी मोटार वर ठेवली. बाह्या सरसावल्या. आणि मग बारवेच्या तळापासून रस्त्यापलीकडच्या वसतिगृहापर्यंत माणसांची ओळ लागली. भौतिकशास्त्राचे, रसायनशास्त्राचे, गणिताचे, सगळे सर घागरी पुढं देत होते. फळ्यापुढं तासन् तास उभं राहणारी माणसं दुसऱ्याच खेपेला धापा टाकायला लागली. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या.

गर्दी पांगल्यावर साहेबांनी मला विचारलं, “मास्तर, खाली नेली ती चूक झाली का? लई वाईट केलं का मी? तुमी तर शिकवताव हे.”

काय सांगणार? मला पर्याय क माहीत होता. तो कुठल्या पायरीवर आहे ते कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हणालो, “सकाळी बघू.” एवढी वर्षं त्या माणसाजवळ राहून मीही शेवटी त्यांना तारीखच दिली.

सकाळी ते माझ्या आधी येऊन बसले होते. पाणी झिरपून वर चढलं होतं. खालची पायरी बुडाली होती, दस्ती पाण्याखाली होती, तिच्या निळ्या चौकड्या तेवढ्या स्वच्छ दिसत होत्या. साहेब लहान मुलासारखे पाण्यात पाय सोडून बसले होते, आणि मी आलो तसे घाईघाईनं बाहेर काढले, कुणी बघितलं तर नियम मोडला म्हणतील म्हणून.

त्यानंतर काही वर्षांनी ते गेले. जेवले, पान खाल्लं, आडवे झाले ते उठलेच नाहीत. बाररूममध्ये शोकसभा झाली. त्यांची खुर्ची आणि शेजारची खुर्ची रिकामी ठेवली होती असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण गर्दी होती, दोन्हींवर माणसं बसली, त्यांतले एक संचालक होते. ते सभा संपेपर्यंत डोळे पुसत होते. मला मात्र साहेबांचा राग आला. एवढी वर्षं न आलेल्या माणसाची जागा धरली, आणि आपली सोडून जाताना एका शब्दानं सांगितलं नाही.

खटला अजून चालू आहे. न्यायाधीश बाई बदलून गेल्या, संचालकांनी नाद सोडला, वकील सोडत नाहीत. तारखा पडतायत.

परवा उन्हात बारवेत उतरलो. आता तिथं गारवा असतो म्हणून पोरं वाचायला बसतात. पाणी खाली गेलं होतं, आणि त्याच खालच्या पायरीवर, दगडाखाली, दस्ती होती. साहेबांची नव्हे. साहेबांची केव्हाच कुजली. ही पांढरी, लाल काठाची, कोरी करकरीत. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की कुणीतरी नवी ठेवतं. कोण ते मी शोधलं नाही. गुडघे दुखत होते, म्हणून मी तिच्या शेजारीच टेकायला लागलो.

“सर, तिथं नका बसू,” वरच्या पायरीवरून एक मुलगी म्हणाली. मांडीवर नोट्स होत्या. हिमायतनगरकडची, यंदाच आलेली, त्या खटल्याची पहिली तारीख पडली तेव्हा हिचा जन्मही झाला नव्हता. “धरलेली जागा हाय ती.”

बाई गं, तुझ्यासाठीच धरली होती, असं म्हणावंसं वाटलं. पण मी विचारलं, “कुणाची आहे?”

“काय माहीत सर,” ती म्हणाली. “पण दस्ती टाकलीय म्हंजी येणार असंल की कुणीतरी.”

आणि मला बसता यावं म्हणून तिनं आपल्या नोट्स उचलल्या आणि एक पायरी वर सरकली.